निघण्याची तारीख

माहीम, ता. पालघर
१२ डिसेंबर १९९१

तीर्थस्वरूप सौ. मंगलाअक्का हिला दिनानाथचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातला, पोचला असं समज). अकोल्याला थंडी कशी आहे, भाओजींचा खोकला गेला का, ते सविस्तर कळव. गेली चार वर्षं तुझ्या पोस्टकार्डावर ‘आम्ही खुशाल’ याच्यापलीकडे काही नसतं. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. मागच्या वेळी तू पिशवी खाली ठेवतेस न ठेवतेस तोच तात्यांनी विचारलं, कधी निघणार. आपल्याकडे परक्यालासुद्धा कोणी हे विचारत नाही, आणि बापानं लेकीला विचारलं. तू दुसऱ्या दिवशी सकाळचीच गाडी धरलीस. पण त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. हे पत्र गावाच्या पर्यटनाबद्दल आहे.

तर आपल्या गावात पर्यटन समिती निघाली आहे आणि मी तिचा चिटणीस आहे (अक्षर चांगलं, एवढाच गुन्हा). बाहेरून एक साहेब आले. स्वभावानं गरीब माणूस, पण फळ्यावर खडूनं बाण काढल्याशिवाय त्यांना बोलता येत नाही. त्यांनी शाळेत सभा घेतली आणि सांगितलं, किनारा एकट्याचा नसतो, सगळ्यांनी मिळून पाहुणे सांभाळायचे. वाडीवाल्यांनी खोल्या द्यायच्या, कोळणींनी मासळी, शांतारामनं टांग्यातून स्टेशनवरून ने-आण करायची. मग म्हणाले, तेवढे वाळूवरचे सुकत घातलेले बोंबील लांब न्या, पाहुण्यांना वास येतो. लाडकी कोळीण उठली. म्हणाली, “सायेब, दर्या दाखवायला लोकं आनताव, नि दर्याचा वास नको? आमाला कोनी इचारलंय काय?” साहेबांनी घाईघाईनं तिच्या नावाचा एक बाण काढला आणि तिला समितीत घेतलं. बोंबील जागेवरच राहिले.

खरा घोटाळा झाला तो छापील अर्जानं. पाहुण्याचं नाव, गाव, वय आणि शेवटी रकाना: निघण्याची तारीख. ती पाहुणा आल्या आल्या विचारून भरायची, म्हणजे शांतारामला पुढचे पाहुणे आणता येतील. अक्का, अख्ख्या गावात एकानंही तो रकाना भरला नाही. आपल्याकडे दादरचं एक म्हातारं जोडपं उतरलं होतं, तुझ्याच खोलीत. दोन दिवसांनी ते निघतो म्हणाले. तुझी भावजय शालू सवयीनं म्हणाली, असं कसं, जेवल्याशिवाय सोडणार नाही. जेवणात गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आजच्या दिवस राहा की. आता हे आपण म्हणायचं असतं आणि पाहुण्यानं नको नको करत चपला घालायच्या असतात, हे त्या भल्या माणसांना कुठलं माहीत? ते राहिले. घरोघरी हेच. पुढच्या शुक्रवारी शांताराम नवे पाहुणे घेऊन आला, तर गावात एक खाट रिकामी नाही. अखेर लाडकीनं त्यांना आपल्या अंगणात बसवलं, सोललेल्या कोळंबीच्या ढिगाशेजारी (त्यातल्या एका बाई संध्याकाळपर्यंत कोळंबी सोलायला शिकल्या आणि जाताना रडल्या).

साहेब तडक आले. पुन्हा सभा. रकाना रिकामा का, म्हणून विचारलं, तर सगळे जमिनीकडे बघत बसले. साहेब म्हणाले, यापुढे पहिल्याच दिवशी विचारायचं, सुरुवात गावातल्या वडीलधाऱ्यांनी करायची. आणि तात्यांकडे बोट केलं. जन्मात सभेत न बोललेले आपले तात्या काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, “ह्यो सवाल मी एकदा इचारलाय. माज्या पोरीला. घड उतरवायचा व्हता, केली पिकाया पाच दीस लागतात, तिच्यासंगं द्यायची व्हती. म्हनून इचारलं. ती सकाली निंगून गेली. घड तसाच रायला. चार वर्सं झाली. मला परत इचारायला सांगू नका.”

आणि खाली बसले. मला हे तोवर ठाऊक नव्हतं, अक्का. साहेबांनी खडू खाली ठेवला.

तोड लाडकीनं काढली. म्हणाली, टांगेवाल्यानं विचारलं तर कोणाला राग येत नाही, परत न्यायला कधी येऊ हे त्यानं विचारायचंच असतं. तेव्हा ठराव झाला (माझ्या अक्षरात आहे), निघण्याची तारीख शांतारामनं रस्त्यात विचारावी, घरच्यांनी तो विषय काढू नये. तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. तुझी काळजी घे. भाओजींना नमस्कार.

तुझा,
दिनानाथ

ता. क. दादरचं जोडपं गेलं. खोली रिकामी आहे. समितीचा चिटणीस म्हणून मला ती रिकामी ठेवता येत नाही, साहेब रागावतात. सोबत अर्ज पाठवला आहे. नाव, गाव मी भरलंय, वय मुद्दाम भरलं नाही. शेवटच्या रकान्यावर तात्यांनी स्वतः काट मारली आहे.

ता. क. दुसरा. तात्यांना या पत्राबद्दल काही माहीत नाही. फक्त पेटीत टाकलं का म्हणून त्यांनी दोनदा विचारलं, आणि विहिरीकडच्या केळीचा घड उतरवायला शिडी मागितली.

ता. क. शेवटचा. स्टेशनवर शांताराम टांगा घेऊन येईल. ठरावाप्रमाणे तो रस्त्यात विचारील, कधी निघणार. त्याला सांगू नकोस.