रविवारी रेडिओ बंद

६ नोव्हेंबर १९६०, रविवार. दिग्रस

आज ह्यांनी बुद्धवंदना पळवली. हो, पळवलीच. पंचशील म्हणताना ह्यांचं अर्धं लक्ष कोनाड्यातल्या रेडिओकडे. शेवटचा शब्द तोंडातून पडायच्या आत उठून त्याचा कान पिळला. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडून पाहिलं नि परत मिटले. मला नाही राहवलं.
"घाई कशाची एवढी?"
"नागपूरच्या बातम्या लागल्या न वो."
दिवसभर कापसाच्या जिनात यंत्रांच्या घरघरीत राहणारा माणूस. फिटर. घरी आल्यावर तरी कानांना सुटी द्यावी. नाही. आल्या आल्या दुसरं यंत्र. आमच्याशी बोलणं म्हणजे "पाणी" आणि "वाढ".

९ नोव्हें., बुधवार

शाळेतून आले तर ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. वस्तीतला पहिला रेडिओ ना! शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासायच्या राहिल्या, स्वयंपाक राहिला, आमची लेक सुनी शेजारणीकडे रडत. आणि हे मधोमध, नवरदेवासारखे.
सगळ्यांना पाणी द्यायला कमल. माझी नणंद. दिवाळीला फुलसावंगीहून माहेरी आली ती अजून इथंच आहे. वाळून काटकी झालीय. का थांबली, कधी जाणार, भावानं एका शब्दानं विचारलेलं नाही. मी विचारलं तर म्हणते, "काही नाही वहिनी." काही नाही कसं? ताटात घास घोळवत बसते. लग्नाला दोन वर्षं नाही झाली.

११ नोव्हें., शुक्रवार

इतका संताप आलाय की अक्षर नीट येत नाही.
संध्याकाळी ओट्यावर कोणी नव्हतं. कमल मुद्दाम वेळ पाहून ह्यांच्याजवळ गेली. मी आत भाकरी थापत होते, सगळं ऐकलं.
"दादा, एक बोलाचं होतं."
"बोल न." हात बटनावरच. नुसती खरखर.
"दादा, मले तिकडं नाही जाचं."
"थांब न वो, आता लागून राह्यलं."
ती थांबली. उभी राहिली बिचारी. मग गाणं लागलं. मोठं केलं. तिनं रिकामे पेले उचलले आणि आत आली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
भाकरी तव्यावर टाकून बाहेर गेले. "काय म्हणाली ती?"
"कोण? कमल? काय म्हणे?"
खरंच ऐकलं नव्हतं! खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.
भाकरी जळली. जळू दे.

१३ नोव्हें., रविवार

केलं एकदाचं. वंदनेच्या आधीच बॅटरीच्या तारा उपसल्या आणि बॅटरी ज्वारीच्या कोठीत पुरली. वंदना झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून दर रविवारी संध्याकाळी हा डबा बंद. घरातल्या माणसांनी घरातल्या माणसांशी बोलायचं.
हे ओरडले, "तुह्या बापानं देला काय रेडिओ?"
"नाही. पण ही पोरगी तुमच्या बापाची आहे."
एवढं बोलले. पुढचं गिळलं. तिचं सांगणं तिनंच सांगावं.
शेजारचे जमायला लागले. दारातूनच परत पाठवले. "बिघडला काय बाई?" म्हटलं, "हो, बिघडलाय." मग सगळे मयताला आल्यासारखे बसलो. हे भिंतीकडे तोंड करून. सुनी बापाच्या मांडीवर चढली, तिथंच झोपली. काही झालं नाही. एवढं रामायण करून काहीच नाही.

१५ नोव्हें., मंगळवार

माझ्याशी बोलणं बंद. रेडिओ मात्र नेहमीपेक्षा मोठा. माझ्यावरचा सूड. बरं.
सासूबाई विहिरीवर म्हणाल्या, "रविवारी मले बरं वाटलं वो. शिव्या देल्या, पण बोलला तं." हसावं का रडावं?

२० नोव्हें., रविवार

आज बॅटरी लपवायला नाही लागली. हे फुगून बसले, पण उठून लावलाही नाही. ओल्या तुरीच्या शेंगा सोलायला मधे ओतल्या. थोड्या वेळानं ह्यांचाही हात शेंगांकडे गेला.
सुनीनं विचारलं, "आत्या, तुले बाळ काहून नाही?"
मी तिला गप्प करणार होते. कमलच बोलली. खाली मान घालून, शेंगा सोलत.
"होतं. पोटात. भादव्यात पडलं."
सासूबाईंच्या हातातलं सूप खाली. ह्यांनी मान वर केली.
मग सगळं आलं. पाण्याच्या खेपा घालताना पोटात दुखायला लागलं, सासू म्हणाली नखरे करते. रात्रभर रक्त. चवथ्या दिवशी तण निंदायला धाडलं. चक्कर येऊन पडली तर नवऱ्यानं लोकांसमोर लाथ घातली. शेतात, सगळ्या बायांदेखत.
हे म्हणाले, "मले कोणी सांगितलं नाही."
कमल म्हणाली, "सांगतच होती न, दादा."
हे उठून बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत.
मला वाटलं होतं, ह्यांना कळलं की माझा राग जाईल. उलट वाढलाय. त्या फुलसावंगीच्या सासूचे केस धरून तिला उन्हात निंदायला बसवावंसं वाटतं.

२३ नोव्हें., बुधवार

फुलसावंगीचा एक जण बाजाराला आला होता. निरोप दिला, जावई रविवारी येतो, कमलला तयार ठेवा.
हे काय म्हणाले? "एवढ्या लांबून माणूस येते, रिकामं कसं धाडाचं?"
ऐकूनसुद्धा! आता खरखर नव्हती, गाणं नव्हतं, तरी! सासूबाईंचंही तेच, "नांदाले तं लागतेच न बाई." माझा आवाज गल्लीभर गेला असेल. जाऊ दे. म्हटलं, ती गेली तर मीही सुनीला घेऊन माहेरी आर्णीला जाते, मग बसा दोघं, तुम्ही नि रेडिओ.
ह्यांनी रेडिओ लावला नाही. बुधवार असून.

२७ नोव्हें., रविवार

चुलीपाशी बसून लिहितेय. बाहेर ओट्यावर जावई आणि त्याचा मामा. मी बाहेर गेले तर तोंडातून शिव्याच येतील म्हणून इथं.
आल्या आल्या जावई म्हणाला, "भाऊ, लावा न रेडिओ. पाव्हणे आलो आम्ही."
हे म्हणाले, "आमच्या घरी रविवारी बंद असते."
मामा हसला. मग हे, हळू आवाजात, "चवथ्या दिवशी निंदाले कोणं धाडलं तिले?"
मामा म्हणतो, "बायाइचं काय घेऊन बसले, लयच मोठं करून सांगतेत. उद्या सकाळच्या पुसदच्या गाडीनं निघाचं आहे आमाले."
कमल माझ्याजवळ होती. उठली. पदर खोचला. सासूबाईंनी दारात हात आडवा धरला, तो तिनं बाजूला केला. बाहेर जाऊन भावाशेजारी बसली.
"मोठं करून नाही सांगत. झालं तेवढंच सांगतो. ऐका."
आता बोलतेय. जावई उठून उभा राहिलाय, "चाल आत" म्हणतो. ती बसूनच बोलतेय.
कमलला धाडायला ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.