भिंत पाहायला कोण गेलं होतं?

९ जून, सोमवार

सांगून टाकलं! प्रांताहून तपासणीला आलेल्या बाईंनी सरळच विचारलं — "चुंगोक आजींच्या घरामागची संरक्षक भिंत पाहायला कोण गेलं होतं?" मी म्हटलं, "कोणीच नाही. प्यो साहेबांनी इथेच ऑफिसात बसून पाहणीच्या अहवालावर सही केली." साहेब समोरच होते. मान वर केली नाही त्यांनी.

१० जून

ऑफिसच्या ग्रुपमधून मला काढलंय. कोणी काढलं, कुणालाच माहीत नाही म्हणे!

१३ जून, शुक्रवार

संध्याकाळी सगळे मिळून जेवायला गेले. मला कुणी विचारलंही नाही. एरवी "ताई, ताई" करत मागे फिरणारी उन-जू — लिफ्टचं दार उघडलं, आत मी एकटी दिसले, तर म्हणाली, "मी जिन्याने जाते." पाच मजले!

दुकानातला गार किंबाप, भाताची ती गुंडाळी, घेऊन घरी आले. आईचा फोन — "सरकारी नोकरी लागली, आता माझा घोर मिटला गं." हो म्हटलं.

२४ जून

भिंतीला तडे सापडले. आजींना शाळेच्या हॉलमध्ये हलवलं. भेटायला गेले तर म्हणाल्या, "तूच ना ती? माझ्या घराला कुलूप लावलंस! वेलीवर काकड्या पिवळ्या पडतायत, त्या तुझा बाप तोडणार का?" हसायला गेले आणि रडूच आलं. त्यांनी पाठ फिरवली.

निदान त्यांनी तरी — जाऊ दे.

३ जुलै

निकाल आला. साहेबांचा हुद्दा उतरवला. वरच्यांचं कुणाचंच नाव नाही. माझी बदली तळघरातल्या दप्तरखान्यात. "शिक्षा नाही हो, शांत जागा आहे," आस्थापनेतला माणूस म्हणाला.

शांत आहे खरी.

१८ जुलै

चार दिवस पाऊस नुसता कोसळतोय. भिंत उभीच. कँटीनमध्ये मागून, मला ऐकू येईल असं — "काय, पडली का भिंत?" मग हशा.

पडायला हवी होती, असं क्षणभर वाटलं. शी!

२२ जुलै

कँटीन. समोर कुणीतरी ताट ठेवलं. प्यो साहेब!

"बसू का? माझ्याबरोबरही कुणी जेवत नाही."

मी माझं ताट जरा मागे घेऊन जागा केली. साहेबांनी भात चिवडला. मग म्हणाले, "अमुक तारखेच्या आत अहवाल हवा, असं वरून आलं होतं. केली सही. तेव्हापासून पाऊस आला की मी खिडकीशी उभा. परवा इतका पडला — पण आजी त्या घरात नव्हत्या, आणि मला झोप लागली."