बाहेरून कडी

३० जुलै २०२५, बुधवार

हाताने केलेलं, कुणाच्या हाताखाली न शिकता: संतपूरचं हे घर, जोत्यापासून वर. त्याच्या चौकटी, दारं, खिडक्या. शैलश्रीचा सागवानी पाळणा, एक खिळा न मारता, नुसत्या सांध्यांवर. गावातली निम्मी कोळपी. विहिरीचा रहाट, आता कुणी ओढत नाही, पण ओढला तर अजून कुरकुरत नाही. आणि राजेश्वरला, माझ्या सासुरवाडीत, धान्याच्या खोलीचं लोखंडी दार. कडी बाहेरून.

काल ते दार मीच काढलं.

पंचमीला लेक माहेरी येते. शैलश्री आली नाही. फोन केला तर मेहुणा, प्रभुलिंग, म्हणतो, "दाजी, तिला बरं न्हाई. पुढच्या महिन्यात धाडतो." सरळ राजेश्वरची बस धरली. सासूबाई ओसरीवर. "जेवून घ्या जावईबापू, मग बघू." पोर घरात दिसेना. मी मागं धान्याच्या खोलीकडं गेलो. कडीला कुलूप. किल्ली प्रभुलिंगकडे, प्रभुलिंग शेतात.

ते दार बसवताना वरच्या बिजागरीच्या पिनेला मी टोपी लावली नव्हती. रंगवायला काढता यावं म्हणून. हे मला सोडून कुणाला ठाऊक नाही. पहार खाली घातली, चार बोटं वर उचललं, आलं हातात. कुलूप तसंच लटकत राहिलं.

आत पोत्यांवर बसली होती. मला बघून उठली नाही. "चल" म्हटलं तेव्हा आली. पायात काही नव्हतं, माझ्या चपला घातल्या. सासूबाई मागून ओरडायल्या, "दार मोडलं, दार मोडलं!"

मोडलं नाही. काढलं.

२ ऑगस्ट

नीट लिहून ठेवतो, पुढं लोक उलटंसुलटं सांगतील.

फेब्रुवारीत मी गुलबर्ग्याला होतो, डाळ मिलमध्ये चाळण्या बसवायला. तुरीचा हंगाम, सुट्टी नाही. मल्लम्मानं (माझी बायको) पोरीला "आजी आजारी हाय" म्हणून राजेश्वरला नेलं. आजी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचं लग्न लावलं, प्रभुलिंगशी. म्हणजे मल्लम्माच्या धाकट्या भावाशी, पोरीच्या सख्ख्या मामाशी. ती एकोणीस, तो तेहेतीस. कॉलेजचं दुसरं वर्ष चालू होतं. दुपारी मला फोन, "झालं. चांगलं झालं."

आमच्यात मामाला देतात, नाही असं नाही. बारशात सासूबाईंनी पाळण्याच्या दांडीला हात लावून म्हटलं होतं, "ही आमच्या प्रभूची." सगळे हसले. मीही हसलो. हसण्याचा असा अर्थ धरतात हे मला ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर एकदा जाऊन आलो. पोरीनं मान वर केली नाही. "लाजायलीय," म्हणाले. मी मानलं.

आज मल्लम्माला विचारलं, कामून केलं असं? चुलीकडं बघत म्हणाली, "तुम्ही व्हय म्हणला नसता. म्हणून तुम्ही नसताना केलं." एवढं सरळ उत्तर तिनं मला कधी दिलं नव्हतं.

३ ऑगस्ट

घरातल्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाकल्या. मल्लम्मा: "कुठं गेलो तर कुलूप कशाला लावायचं? चोर आले तर?" म्हटलं, येऊ देत. न्हाणीची आतली कडी तेवढी ठेवली.

शैलश्री भिंतीला पाठ लावून बसते, तोंड दाराकडं. खात नाही. बोलत नाही.

७ ऑगस्ट

जिल्ह्याच्या गावी बायकांसाठी सरकारचं केंद्र आहे, तिथं घेऊन गेलो. खोली स्वच्छ. खाटा, आरसा, पाण्याचा माठ. तिथल्या बाई वाईट नाहीत.

"पाच दिवस राहता येतं."

"आणि सहाव्या?"

"मग घरी."

"घरी तर आहेच की. राहायला कुठं आलो?"

बाईंनी लग्नाचा फोटो मागितला. मल्लम्माच्या मोबाईलमधून घेतला होता. बघून म्हणाल्या, "यात जबरदस्ती दिसत न्हाई हो." मी बोट ठेवून दाखवलं. पोरीची मान खाली आहे, आणि मानेमागं सासूबाईंचा हात. बोटं वळलेली, टोकं पांढरी पडलेली. आशीर्वादाचा हात सपाट असतो. हा दाबलेला आहे.

बाईंनी परत बघितलं. "आजीचाच हात हाय न्हवं?"

दोन गोष्टी मात्र दिल्या. फुकट वकिलाचं नाव. आणि तालुक्याच्या दवाखान्यात दर मंगळवारी मनाच्या डॉक्टर येतात, त्यांचं नाव.

१२ ऑगस्ट, मंगळवार

विजयश्री मॅडम. वय तिशीच्या आत-बाहेर. कानडी बोलतात, मराठीही येतं. औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, बोलून बरं करणाऱ्या. मला वाटलं होतं हे थोतांड असणार. बसायची जागा म्हणजे औषधांच्या खोक्यांमागं दोन खुर्च्या. मला बाहेर काढलं. बाहेरचा पंखा डुगडुगत होता. एका पात्याचा बाक वेगळा, दुसरं काही नाही. कुणाला दिसत कसं नाही?

बऱ्याच वेळानं मला आत घेतलं. मी विचारलं, काय बोलली?

"काही न्हाई. आम्ही दोघी गप्प बसलो. बरं वाटलं."

मग म्हणाल्या, "अप्पा, तिला काय झालं ते विचारू नका. पण तिच्यासाठी जे काही कराल ते तिला विचारून करा. चहा देऊ का, पंखा लावू का, दार पुढं करू का. न्हाई म्हणाली तर करू नका. तिला कुणी विचारलं न्हाई, तोच तिचा आजार हाय."

एवढंच? येताना बसमध्ये मनात हिणवलं. घरी आल्यावर तिच्या दारात उभा राहून म्हटलं, "पंखा लावू का?" पन्नाशी आली, असं कुणाला कधी विचारलं नव्हतं. आवाज माझा मलाच परका वाटला.

तिनं मान हलवली. लाव, अशी.

२६ ऑगस्ट

तिसरा मंगळवार. येताना बसमध्ये खिडकीशी बसू का असं तिनं खुणेनं मला विचारलं. मला!

९ सप्टेंबर

सकाळी चहा विचारला. प्याली. मग म्हणाली, "साखर कमी हाय."

मल्लम्मा चुलीपुढं रडली. मी बाहेर जाऊन कोळप्याचं पातं घासत बसलो. घासायची गरज नव्हती.

२२ सप्टेंबर

रविकुमार वकील. फुकटचे म्हणून मी कमी समजलो होतो, पण माणूस समजावून सांगतो. दोन वाटा आहेत. एक, घटस्फोट. दुसरी, जबरदस्तीनं झालेलं लग्न कोर्टाकडून रद्द करून घ्यायचं. दुसरीला मुदत आहे, वर्षाच्या आत अर्ज हवा.

मी म्हटलं, दुसरी. घटस्फोट घेतला म्हणजे लग्न होतं हे कबूल. मला कबूल नाही. माप चुकलेली चौकट तासून बसवत नाहीत, नवीन करतात.

"वीरभद्रप्पा मिस्त्री, कोर्ट म्हणजे सुतारकी न्हाई. रद्द करायचं तर तिला आत उभं राहून सगळं सांगावं लागल. समोरचा वकील उलटतपासणी करल. बोलती का ती?"

"साखर कमी हाय म्हणती."

वकील हसले नाहीत. शैलश्रीनं अर्जावर सही केली. मी सांगितलं तिथं.

३० सप्टेंबर

मल्लम्मा भाकरी थापताना आपणहून बोलली. "माझं तरी काय झालं होतं? मलाबी कुणी इचारलं न्हाई. रडले दोन महिने. मग लागले कामाला. हिचंबी झालं असतं."

मी म्हटलं, तुझ्या दाराला कुलूप नव्हतं.

"नव्हतं. जायला जागाबी नव्हती."

भाकरी करपली.

१९ ऑक्टोबर, रविवार

प्रभुलिंग आला होता. उद्या दिवाळी. फराळाचा डबा घेऊन दारात उभा. आत घेतलं नाही, उंबऱ्यावरच बोललो. डबा परत दिला. गेला.

शैलश्री मागच्या अंगणात होती. तिला कळलं नाही. कळू दिलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

खोक्यांमागं एकच खुर्ची उरली होती. विजयश्री मॅडमची कंत्राटाची मुदत संपली, पुढं वाढली नाही. कंपाउंडर म्हणाला, "जागा रिकामी हाय. कोण येतंय कळल." कधी? "कळल."

शैलश्री त्या एका खुर्चीकडं बघत उभी राहिली. तिला विचारलं, "जायचं का घरी?" उत्तर नाही. तरी घेऊन आलो.

१८ नोव्हेंबर

गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. रांग जिन्यापर्यंत. आत एक शिकाऊ पोरगा. "झोप लागती का? भूक लागती का? मरावंसं वाटतंय का?" तिन्ही प्रश्न एकाच सुरात, मान खाली घालून. गोळ्या लिहून दिल्या. तो तरी काय करणार, मागं एवढी माणसं.

येताना बसमध्ये दोनदा ओकली. पुढच्या वेळी येणार का विचारलं. नाही म्हणाली. मॅडमचा नियम. गेलो नाही.

गोळ्यांनी झोपते. दिवसाही.

५ डिसेंबर

मनाच्या दुखण्यासाठी सरकारचा फोन आहे, फुकट. विचारलं, लावू का? लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली, चांगली गोड. शैलश्रीनं फोन कानाला धरून ठेवला. एक शब्द बोलली नाही. बाईनंही फोन ठेवला नाही. "मी आहे हं, घाई नाही," असं मधूनमधून म्हणत राहिली. मग माझ्या मोबाईलची बॅटरी संपली.

परत लावला तर दुसरीच कुणी होती. शैलश्रीनं फोन माझ्या हातात दिला.

१४ जानेवारी २०२६

संक्रांत. गावातल्या बायका हळदीकुंकवाला मल्लम्माला बोलावत नाहीत. एक जण रस्त्यात मला म्हणाली, "मिस्त्री, लेकीचं घर उचकटून आणलं, आता काय तिला जन्मभर पाळण्यात झोकं देणार का?"

जमलं तर देईन म्हटलं. ती हसत गेली.

२२ जानेवारी, गुरुवार

आज तिची साक्ष. दारं बंद करून. मी बाहेर बाकावर. बाकाचा एक पाय आखूड आहे. कागदाची घडी घालून नीट केला, हातांना काहीतरी हवं होतं.

आतलं मला वकिलांनी सांगितलं.

समोरचा वकील तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत होता. सहा महिने राहिलीस. जेवलीस ना? झोपलीस ना? मग पळून का आली नाहीस? न्यायाधीश बाईंनी पाणी दिलं, वेळ दिला. शेवटी एकच शब्द बोलली. "दार."

"कुठलं दार?"

"धान्याच्या खोलीचं."

"ते दार कुणी केलंय?"

मग म्हणाली, "अप्पांनी."

"आणि बाहेरून कडी?"

"अप्पांनी."

समोरच्यानं वळून माझ्याच वकिलाकडं बघितलं, म्हणे. पुढची तारीख पडली. उलटतपासणी अजून पुरी झालेली नाही. तिला परत उभं राहायचंय.

बसमध्ये खिडकीशी बसतेस का विचारलं. ऐकलंच नाही तिनं.

२ फेब्रुवारी

चहा विचारतो. उत्तर नाही. पंखा विचारतो. उत्तर नाही. ठेवलेला चहा तसाच, वर साय धरते. परत भिंतीला पाठ, तोंड दाराकडं.

तालुक्याला फोन केला. जागा रिकामीच आहे.

९ फेब्रुवारी

पाळणा माळ्यावरून खाली काढला. मोडून टाकायला घेतला. सांधे इतके घट्ट की सुटे होईनात. तसाच परत वर ठेवला.

१७ फेब्रुवारी

वकिलांना म्हटलं, तिची साक्ष टाळता येईल का? "आता कसं टाळणार? अर्ज तिचा हाय. मागं घ्यायचा तर घ्या, पण मग ती त्याची बायको ठरली. तडजोड तरी करा त्यांच्याशी."

आता ते तयार नाहीत. प्रभुलिंगला फोन केला होता. माझा मी. "दाजी, कोर्टातच बोलू," म्हणाला. कोर्टात कसं चाललंय ते त्यालाही कळलंय.

२४ फेब्रुवारी

आज ती बोलली. मल्लम्मानं तिला सगळं सांगून टाकलंय. मी चहा विचारायला दारात गेलो तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "चहाला इचारता. पंख्याला इचारता. ते कामून इचारलं न्हाई?"

कप हातात तसाच. 'ते' म्हणजे काय, इथं लिहितो. दिवाळीच्या आदल्या दिवशी प्रभुलिंग डबा घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, वर्ष भरलं की दोघांच्या सहीनं घटस्फोट. तिला कुणी काही विचारणार नाही, एक शब्द सांगावा लागणार नाही. वर साडेतीन लाख, तिच्या शिक्षणाला.

मी नको म्हणालो.