आमचा दोघांचा उत्तम संवाद

शनिवार, १५ जून
आज पहिलं लेक्चर. विषय: अपंगांचे हक्क आणि मानवी हक्क. प्राचार्यांनी दर शनिवारी एक तास दिला आहे. पदवी नसलेल्या माणसाला कॉलेज बोलावून घेतं, यातच सगळं आलं. छापखान्यात प्रुफं तपासता तपासता मी शिकलो. अपंगांच्या कायद्यावरचा तो जाडजूड ग्रंथ मी तीनदा वाचला. लेखकानं स्वतः एकदाच वाचला असावा, असं चुकांवरून वाटतं. शिवाय लेक जन्मापासून कर्णबधिर. म्हणजे थिअरी आणि प्रॅक्टिकल, दोन्ही आपल्या घरचं.

फळ्यावर ठसठशीत लिहिलं: त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्याविषयी काही ठरवायचं नाही. मुलांनी उतरवून घेतलं. दोघांचं शुद्धलेखन चुकलं. जागच्या जागी सुधारून दिलं.

संकल्प: विषय सोडून बोलायचं नाही. डायरी रोज.

शनिवार, २२ जून
डायरी राहिली. छापखान्यात काम अंगावर आलं होतं.

खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे, कर्णबधिर मुलाला ती न देणं म्हणजे त्याची जीभ कापणं, असं आज ठासून सांगितलं. पहिल्या बाकावर एक लांब वेणीची मुलगी बसते. तिचे आईवडील दोघंही कर्णबधिर आहेत. ती म्हणाली, सर, तुम्हाला शिकायला किती वर्षं लागली? म्हटलं, आमच्याकडे तशी गरज पडली नाही, लेक ओठ वाचते. वेणीवाली म्हणाली, कोणाचे, तुमचे? आणि माझ्या मिशीकडे बघत राहिली. मिशी भरघोस आहे, वरचा ओठ पूर्ण झाकते, हे मान्य. पण हल्लीच्या मुलांना मुद्द्यावर राहता येत नाही.

स्वतःसाठी नोंद: लेक लहान असताना तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की घरात खुणा केल्यात तर पोर कधी बोलणार नाही. मी शिस्त पाळली. बायकोनं नाही पाळली. आधी चोरून शिकली, मग उघड उघड. जेवताना दोघींचे हात चालायचे आणि ताटातलं गार व्हायचं. मी विचारायचो, काय म्हणते? बायको सांगायची. ती गेल्याला तीन वर्षं झाली.

हल्ली आमचं जेवण लवकर आटोपतं.

मंगळवार, २ जुलै
लेकीशी माझा संवाद उत्तम आहे. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ताईचा फोन आला होता आणि ती काहीबाही बोलली. म्हणाली, पोरगी घरात भाडेकरूसारखी राहते रे, बोलते तरी का तुझ्याशी? म्हटलं, रोज. मी विचारतो जेवलीस का, ती मान हलवते. ताई म्हणाली, एवढं तर माझं मांजरसुद्धा बोलतं.

मोबाइलवरही चालू असतं. पूर्वी लेक लांबलचक मेसेज लिहायची. मी चुका सुधारून परत पाठवायचो, रागावून नाही, तिची भाषा पक्की व्हावी म्हणून. हल्ली ती फक्त अंगठा पाठवते. अंगठ्यात चूक निघत नाही. ही प्रगतीच.

शनिवार, ६ जुलै
विषय: सगळ्यांना वावरता येतील अशा इमारती. रॅम्पचा चढ किती, दार किती रुंद, कठडा किती उंच, सगळं मापासकट दिलं. यादीत कुबड्या घेऊन चालणारा एक विद्यार्थी आहे. अजून एकदाही फिरकलेला नाही. ज्यांच्यासाठी घसा कोरडा करतो त्यांनाच किंमत नाही, असं मी बोलून दाखवलं. मागून एक टोपीवाला मुलगा म्हणाला, सर, तो खाली कट्ट्यावर बसलाय. आपला वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे.

कारकुनाला खालची खोली मागितली. तो म्हणाला, खाली प्रोजेक्टर नाही. आता रॅम्पचे फोटो प्रोजेक्टरशिवाय दाखवायचे कसे? तूर्त तिसरा मजलाच.

मंगळवार, ९ जुलै
सकाळी एका लांबच्या शहरातून फोन. कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. लेकीनं तिथे शिक्षिकेच्या नोकरीसाठी अर्ज केला म्हणे. व्हिडिओवर मुलाखतही झाली म्हणे. मला पत्ता नाही. तिची निवड झाली आहे, पण तिचा मोबाइल दुरुस्तीला टाकलेला, म्हणून बाईंनी अर्जावरच्या वडिलांच्या नंबरला फोन लावला.

मी सभ्य भाषेत सांगितलं की ती एकटी राहू शकणार नाही, तेव्हा नको. बाई म्हणाल्या, तिच्याशी एकदा बोलून तरी घ्या. म्हटलं, त्यात बोलायचं काय, मी बाप आहे.

ऐकू न येणारी मुलगी, परकं गाव. दाराची कडी कोणी वाजवली तर? मागून गाडी आली तर? ह्याला हक्क हिरावणं म्हणत नाहीत. ह्याला काळजी म्हणतात. ग्रंथात दोन्हींवर वेगवेगळी प्रकरणं आहेत.

लेकीला अजून सांगितलं नाही. असल्या गोष्टी निवांत सांगाव्यात. रविवारी सांगतो.

रविवार, १४ जुलै
स्वयंपाकघरातला नळ गळत होता. त्यात दिवस गेला.

शनिवार, २० जुलै
वेणीवालीनं सुचवलं की तुमच्या लेकीला वर्गात पाहुणी म्हणून बोलवूया, मी तिचं बोलणं सगळ्यांना सांगेन. मी ताबडतोब म्हटलं, येईल ती. वेणीवाली म्हणाली, सर, आधी तिला विचारा ना, पहिल्याच दिवशी उतरवून घेतलंय आम्ही. वर्ग हसला. मीही हसलो. विद्यार्थ्यांशी खेळीमेळीचं नातं असावं.

घरी कागदावर लिहून विचारलं. तिनं अंगठा दाखवला. मग जेवताना हातांनी बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी मान हलवली आणि तिला मीठ दिलं.

शनिवार, २७ जुलै, संध्याकाळी
क्रमानं लिहितो.

मुलांनी वर्ग परस्पर खालच्या व्हरांड्यात हलवला होता. कुबड्यांवाला पहिल्या रांगेत. लेक आईची निळी ओढणी घेऊन आली होती. तिनं आधी सगळ्यांना नावं दिली. ह्या लोकांत नाव अक्षरांनी सांगत बसत नाहीत. माणसाची एखादी लकब पकडून हाताची एक खूण ठरवतात, तेच त्याचं नाव. वेणीवालीला खांद्यावरून वेणी ओढल्याची खूण. टोपीवाल्याला टोपी सारखी केल्याची. कुबड्यांवाल्याला वाटलं कुबड्यांवरूनच मिळणार, तर लेकीनं त्याच्या गालावरची खळी पकडली. तो लाजला.

मग मुलं ओरडली, सरांचं, सरांचं! लेकीनं तोंडापाशी हात नेऊन चार बोटं आणि अंगठा, उघडमीट, उघडमीट. व्हरांडा दणाणला. वक्ता, असा अर्थ असावा. लेकीचे हात बघून वेणीवाली म्हणाली, हे नाव जुनं आहे सर, तिच्या आईनं ठेवलंय. एवढी वर्षं ह्या नावानं घरात मला बोलावत होत्या आणि मला माहीत नव्हतं.

नंतर लेक हातांनी बोलू लागली आणि वेणीवाली तोंडानं सांगू लागली. म्हणाली, मला नोकरी लागली आहे. मी उठून म्हटलं, अरे वा, अभिनंदन, पेढे कुठायत! वेणीवाली म्हणाली, सर, मला नाही. मी तिचं बोलतेय. तिचं बोलताना मी 'मी' म्हणायचं असतं.

मी खाली बसलो.

वेणीवाली सांगत गेली. मी शाळेत शिकवणार होते. माझ्या बाबांनी मला न विचारता फोनवर नाही म्हणून टाकलं. मोबाइल दुरुस्त होऊन आला तेव्हा मुख्याध्यापिकांच्या मेसेजवरून कळलं. मी त्यांना सांगितलं, मी येते. पुढच्या रविवारी निघते आहे. हे मी बाबांना गेल्या शनिवारी जेवताना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मला मीठ दिलं.

कोणी हसलं नाही. लेक माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. रागानं असती तर मला कळलं असतं, राग मला ओळखता येतो.

तास संपल्यावर टोपीवाला म्हणाला, सर, हे परीक्षेला आहे का?

बुधवार, ३१ जुलै
ताईला फोन करून बाजू मांडली. वाटलं होतं, ती तरी समजून घेईल. ताई म्हणाली, जाऊ दे तिला. आणि आधी ती मिशी काप. पोरीनं बावीस वर्षं त्या झुडपातून तुझं बोलणं शोधायचं होय?

कापणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

शनिवार, ३ ऑगस्ट
मिशी कापली.

लेक बॅग भरत होती. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सावकाश, सुट्टं सुट्टं बोललो. सांगायचं होतं की मी चुकलो. सांगितलं ते असं की, दुसऱ्याच्या वतीनं घेतलेला निर्णय कायद्याच्या चौकटीत कसा बसतो वा बसत नाही, ह्याविषयी ग्रंथात मतभेद आहेत. ती माझ्या वरच्या ओठाकडे बघत होती. मग हसायला लागली. मिशीच्या जागी बोट टेकवलं आणि हसत राहिली. मीही हसलो. किती बोललो त्यातलं तिनं काय वाचलं, विचारायचं राहिलं.

रविवार, ४ ऑगस्ट
गेली. बसच्या खिडकीतून हात हलवत होती. नुसता निरोप होता की काही सांगत होती, कोण जाणे. मी मान हलवली.

शनिवार, १० ऑगस्ट
मनाला लावून घ्यायचं नाही. महिन्याभरात खुणांची भाषा आत्मसात करायची. इंग्रजी मी डिक्शनरी घेऊन एकट्यानं शिकलो, हे काय अवघड? मुळाक्षरांचा तक्ता आणला, आरशाशेजारी लावला. 'ग'पर्यंत आलो. वेणीवालीला करून दाखवलं. ती म्हणाली, सर, मुळाक्षरं बरी आहेत, पण कोणी असं बोलत नाही हो. कायदा माहीत आहे म्हणून कोणी वकील होत नाही, तसं. मी म्हटलं, होतो. वाद वाढवला नाही.

रविवार, १८ ऑगस्ट
लेकीचा व्हिडिओ कॉल. मागे खोली दिसत होती, खिडकीला निळी ओढणी पडद्यासारखी लावलेली. बारीक झाली आहे का, कळलं नाही. हातांनी काहीतरी विचारलं. मी जोरात मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा, आणखी जोरात, आणि वर अंगठाही दाखवला. तिनं थोडा वेळ बघितलं आणि फोन बंद केला.

छान झाला कॉल. नेटवर्क चांगलं होतं.

शनिवार, २४ ऑगस्ट
लेकीनं केलेली खूण डोळ्यांसमोर होती. वर्ग संपल्यावर वेणीवालीला हुबेहूब करून दाखवली. बारकावे माझ्या नजरेतून सुटत नाहीत. वेणीवालीनं दोनदा करायला लावली. मग म्हणाली, सर, तुम्हाला करमतं का माझ्याशिवाय, असं विचारतेय ती. तुम्ही काय सांगितलंत?

तिला सांगितलं, की नेटवर्क गेलं होतं.

मग म्हटलं, 'नाही करमत' कसं म्हणायचं ते दाखव. तिनं दाखवलं. माझे हात धरून बोटं जागेवर बसवली. म्हणाली, आणि सर, चेहरा असा ताठ ठेवायचा नाही. ह्या भाषेत चेहराही बोलतो. म्हटलं, प्रयत्न करतो.

रविवार, २५ ऑगस्ट
सकाळभर आरशासमोर सराव. हात जमले. चेहरा जमत नाही.

दुपारी कॉल लावला. खूण करून दाखवली. लेक डोळे बारीक करून फोनजवळ आली. कळलं नाही तिला. पुन्हा केली. तिनं नाही अशी मान हलवली आणि बोटांनी टाइप केल्यासारखं दाखवलं, लिहून पाठव.

लिहिलं: करमत नाही ग तुझ्याशीवाय. पाठवल्यावर दिसलं, एक वेलांटी चुकली आहे. तशीच ठेवली.

तिनं वाचलं. मग हातांनी बोलायला लागली. भराभर. अर्धे हात स्क्रीनच्या बाहेर जात होते. मध्येच डोळे पुसले, मध्येच हसली, पुन्हा बोलायला लागली. एवढं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. काय म्हणते, असं विचारायला मी शेजारी बघितलं.

खूप वेळ बोलली. मला काही कळलं नाही.