हिल्दूरवरचं झाड

२९ नोव्हेंबर

नवा सूट! ह्या वयात! आणि ऐलिफला तो माझ्यासमोरच मिरवायचा होता.

शेडमध्ये मी नेहमीसारखी पाठ करून उभी राहिले. माझ्या बुडी मारायच्या सूटची चेन पाठीवर आहे, ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. आपली आपण लागत नाही. त्याने लावली. मग मी त्याची लावायला वळले, तर स्वारी छातीवरची चेन स्वतःच ओढतेय! सर्रकन. वर म्हणतो, "बघ, काय झकास लागते."

"अभिनंदन," म्हटलं.

घटस्फोट झाला तरी गावात बुडी मारणारे आम्ही दोघंच उरलोय, आणि एकट्याने उतरायचं नाही हा नियम. म्हणून रविवारी एकत्र. जमिनीवर बोलत नाही, पाण्याखाली बोलता येत नाही. संसारापेक्षा बरं चाललं होतं! तो माझी चेन लावायचा, मी त्याची. तेवढाच काय तो हात लागायचा एकमेकांना. आता तेही नको झालं वाटतं.

४ डिसेंबर

बोर्गहिल्डच्या दुकानात गेले होते. तिने एक डोळा बारीक केला. "मग ऐलिफ चालला म्हणे स्तावांगरला? नाताळ झाला की बोटीने? कायमचा?"

"हो, माहितेय," म्हटलं. कप्पाळ माहीत होतं! यीस्ट घेतलं आणि बाहेर पडले. घरी यीस्ट ढिगाने पडलंय.

तरीच नवा सूट. तिकडे कोणी बाई असणार. नव्या बाईला जुन्या, ठिगळ लावलेल्या सूटमध्ये कसं भेटायचं!

५ डिसेंबर

मला का नाही सांगितलं त्याने?

६ डिसेंबर

आज हिल्दूरवर गेलो, आमच्या बुडालेल्या बोटीवर. सूर्य गेला तो आता जानेवारीतच उगवणार, पण पाणी काचेसारखं स्वच्छ. धक्क्यावरून उतरलं की हाकेच्या अंतरावर ती, तीन पुरुष खोल. माझ्या आजोबांच्या वेळी हेरिंग मासे भरून येताना खडकावर बसली. माणसं सगळी वाचली, स्वयंपाकी तर मांजर काखोटीला मारून पोहत आला. तेव्हापासून इथेच पडलीय, आमचीच झालीय.

कप्तानाच्या खोलीत तो दातपुढ्या मासा अजून आहे. ऐलिफ त्याला सरपंच म्हणतो. आज सरपंचाने तोंड बाहेर काढलं, तेव्हा ऐलिफने नेहमीसारखी टोपी काढल्याचा आव आणला. मला हसू आलं, नळीच्या कडेने खारं बर्फाळ पाणी तोंडात गेलं. हा माणूस जमिनीवर असा का नव्हता? की होता, आणि मीच बघितलं नाही?

वर आल्यावर विचारायचं ठरवलं होतं. का चाललास? विचारलं काय, तर — "सूट गळत नाही ना?"

"नाही," म्हणाला.

मूर्ख बाई! मूर्ख, मूर्ख!

१२ डिसेंबर

झाडाचं ठरलं. वीस तारखेला.

पूर्वी पाणबुड्यांच्या क्लबात आठ-दहा जण होतो. नाताळचं झाड खाली न्यायचं, हिल्दूरच्या पुढच्या डेकवर जाळी ओढायचा रहाट आहे त्याला बांधायचं, दिवे लावायचे, आणि घरी दिवाणखान्यात घेतात तसे सगळ्यांनी हात धरून झाडाभोवती फेरे घ्यायचे. धक्क्यावर अख्खं गाव उभं. पाण्यातून आमच्या डोक्यावरचे दिवे गोल फिरताना दिसले की पोरं वरून गाणं सुरू करतात. आता आम्ही दोघंच. दोन माणसांनी हात धरायचे म्हणजे दोन्ही हात, समोरासमोर.

गेल्या वर्षी मी त्याचा हात धरला नाही. एक फांदी मी धरली, एक त्याने. वरून कुणाला काय कळतंय!

माझ्या आईच्या दफनानंतर मी त्याला जा म्हटलं होतं. तो आठवडाभर गप्प होता आणि मला कुणीतरी बोलायला हवं होतं. "तुझ्याबरोबर राहण्यापेक्षा भिंतीबरोबर राहीन. जा!" आणि गेला. तेच तर! मी म्हणेन ते तो करायचा. भांडला असता तर काय बिघडलं असतं? घरातलं काही मागितलं नाही. फक्त कॉफीची किटली नेली, काळी पडलेली, बुडाला पोचा आलेली. तिच्यातल्यासारखी कॉफी नव्या भांड्यात होत नाही. मी आता चहाच पिते.

२० डिसेंबर

झाड लागलं. लिहायलाच नको वाटतंय.

दिवे लावले. पुढच्या डेकवर उजेड पडला, खालचे पांढरे समुद्रफुलांचे गुच्छ सगळे दिसायला लागले. इतकं छान! ऐलिफने रहाटावरची गाठ आवळली, वळला, आणि दोन्ही हात पुढे केले. तीन बोटांचे ते जाड हातमोजे, खेकड्यासारखे. तसेच धरून थांबला. बराच वेळ.

मला तो सूट दिसत होता. नवा कोरा, समोर चेन. मी फांदी धरली.

त्यानेही मग धरली. फेरे झाले. वरून गाण्याचा आवाज येतच नाही खाली, पण पोरं गात असणार.

वर तांदळाची खीर होती, तिच्यात एकच बदाम, ज्याला मिळेल तो नशीबवान. बदाम माझ्या वाटीत निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "तिकडे कोणी वाट बघतंय वाटतं. एवढा नटलायस तो!"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. "गुन्वोर," म्हणाला, "तिकडे माझी चेन लावायला कोण आहे? म्हणून हा घेतला."

एवढंच. खीर संपवली आणि गेला. मी बदाम मुठीत धरून उभी.

२१ डिसेंबर

हात पुढे केले होते त्याने. दोन्ही.

२८ डिसेंबर

बोट गेली. मी बर्फघराच्या आडून बघितलं. जायचं, राहा म्हणायचं, एवढंच काम होतं. एक शब्द! माझ्या तोंडातून 'जा' कसं सहज निघालं होतं. आणि 'राहा' म्हणायला पाय उचलेना. तो डेकवर उभा राहून धक्क्याकडे बघत होता. शिडी काढली तरी आत गेला नाही.

नंतर शेडमध्ये गेले. माझ्या खुंटीवर त्याचा नवा सूट टांगलेला! त्याचा जुना गायब.

बोर्गहिल्डला विचारलं. "तुझ्यासाठी ठेवलाय म्हणाला. मापं तर तुमची एकच. म्हणाला, नाहीतर ती रविवारी उघडी पाठ घेऊन कुणाकुणाला शोधत फिरेल? माझ्यापेक्षा तिला उपयोगी."

"आणि तो? त्या जुन्याची चेन तिकडे कोण लावणार?"

"ते मला काय विचारतेस? तू विचारायचं होतंस," बोर्गहिल्ड म्हणाली. बरोबरच आहे तिचं. तिथेच दुकानात, कांद्याच्या पोत्याजवळ, ढसाढसा रडले.

३ जानेवारी

नवा सूट घातला. चेन आपली आपण लागली. सर्रकन. एवढं वाईट मला घटस्फोटाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पाण्यात उतरले नाही. पायरीवर बसले आणि घरी आले.

फोन केला त्याला. हवेबद्दल बोललो. तिकडे पाऊस, इकडे बर्फ. मग म्हटलं, "तेराला झाड काढायचंय."

"हो," म्हणाला. "तेराला."

"बघते मी. एकटी काढीन."

"एकटीने उतरायचं नाही, गुन्वोर."

"मग राहू दे झाड!" म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवला! पुन्हा तेच!

११ जानेवारी

आमच्याकडे नाताळ तेराला संपतो, झाड त्या दिवशी उतरवायचंच. हिल्दूरवर झाड राहिलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. शेजारच्या गावातला पाणबुड्या ये म्हटलं तर येईल. त्याला फोन केला नाही. परक्याबरोबर मला ते झाड काढायचं नाहीये.

१३ जानेवारी

सकाळची बोट लागली. मी शेडमध्ये माझा जुनाच सूट घालून बसले होते, पाठ उघडी. का, कुणास ठाऊक. दार वाजलं.

ऐलिफ. खांद्यावर जुना सूट, हातात पिशवी. "झाड काढायचं राहिलं होतं," म्हणाला. सूट चढवला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

मी चेन धरली. ओढली नाही. म्हटलं, "राहा." फार मोठ्याने निघालं, शेडभर घुमलं.

"चेन लाव आधी, गारठलो," म्हणाला. आणि मग, पाठमोराच — "पिशवीत बघ."

पिशवीत किटली होती.