मोटार फिरली, फिल्म नाही

मी, चंद्रभान नानाजी हेडाऊ, वय २४, राहणार नंदनवन, नागपूर, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्राध्यापकाशी भांडून कॉलेज सोडलेला, सध्या सदरमधल्या एका फोटो स्टुडिओत कामाला, उद्या सकाळी हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन असल्याने आजच लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. अंगात त्राण नाही. कोणाचा दबाव नाही. दबावाखाली मी आजवर काही केलेच नाही, हेच नडले.

१. सायकल आईची. तिने ती मामांना देऊ नये. कॉलेजवरून ते अजून टोमणे मारतात.

२. मोटारवाला कॅमेरा, आठ सेलच्या डब्यासह, स्टुडिओत पूर्वी फिल्म धुणारे देवराव यांना. कारण वगळून वाचू नये.

मागच्या वैशाखात चंपतराव पराते यांच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. गोपिका धाकटी. तिच्यावर छाप पाडायलाच मी कॅमेऱ्याला मोटार लावून गेलो. एरवी दर फोटोनंतर अंगठ्याने खटका ओढावा लागतो. मोटार ते अर्ध्या सेकंदात करते: दातेरी रूळ आठ दाते फिरतो, फिल्म एक फोटो पुढे सरकते, शटर ताणले जाते, मोटार थांबते. मंगलाष्टके सुरू झाली तसा घाईत नवा रोल भरला. गोपिका हसली, "काहून गा, लगन हाय का लढाई?" मी तिच्याकडेच पाहत राहिलो. फिल्मचे टोक रिळात अडकलेच नव्हते. रूळ फिरला, आकडा छत्तीसवर गेला, आवाज झोकात. फिल्म जागच्या जागी. हाताने ओढणारा माणूस फिल्मबरोबर कॅमेऱ्याची डावीकडची गुंडी फिरते का ते बघतो. मी आवाजावर भुललो.

रोल कोरा निघाला. चंपतराव भडकले, तसा मीही सगळ्यांदेखत ओरडलो, "देवरावनं धुताना बिघडवला!" फिल्मच्या काठावरचे, धुतल्यावरच दिसणारे कंपनीचे आकडे स्वच्छ उमटले होते, म्हणजे धुण्यात चूक नव्हती. देवरावांनी ते आकडे पाहिले, मग मला पाहिले, आणि फिल्म गुंडाळून ठेवली. त्यांचे काम गेले.

३. गोपिकेला काही ठेवत नाही. तिने माझे म्हणणे खरे मानले. तिचा तेवढा विश्वासच माझ्यापाशी आहे, तो परत करतो.

४. हे मृत्युपत्र मरणाची वाट पाहणार नाही. दुपारी देवराव भेटायला आले. वाचून म्हणाले, "मेल्यावर कायले सांगतं बे? जिता हायेस तं तोंडानं सांग." म्हणून चंपतरावांना बोलावून सर्व वाचून दाखवले. कॅमेरा मिळणार असल्याने देवरावांची साक्ष घेतली नाही.

सही: चं. ना. हेडाऊ
नागपूर, ९ जानेवारी १९८४

साक्षीदार:
१. ईश्वरदास निखारे, शेजारच्या खाटेवरील रुग्ण.
२. चंपतराव पराते. ऐकले. देवरावच्या घरी आत्ताच चाललो. तुझ्याशी उद्यानंतर बोलतो.