घासलेलं क्लचचं रबर

बोईसर, रविवार संध्याकाळ

मुरब्याला केतकीच्या बाबांची जुनी फियाट बघायला गेलो. मीटर बावीस हजारांवर, आणि क्लचच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत. एवढ्याशा धावण्यात रबर असं घासतं? डोकं फिरलं. बोलून बसलो, "काका, मीटर मागे फिरवलंय."

"कॉलेज सोडलंस नि आमाला शिकवतोस? जा, गाडी विकायची नाय."

केतकीला मनातलं सांगायच्या आधी तिच्याच बाबांना खोटं पाडून आलो. शाबास.

पण घरी आल्यावर आठवलं, पलीकडचं ॲक्सिलरेटरचं रबर कोरं होतं. मग एकटं क्लचचंच का घासलं? राहवेना. केतकीला फोन केला. ती हसतच सुटली.

"अरे, गाडी कितीतरी वर्षं अंगणात उभीच होती. लहानपणी किनाऱ्यावरून आले की मी आत बसून वाळूच्या पायांनी क्लच दाबत राहायचे. ॲक्सिलरेटर दाबलास तर गाडी पळेल, असं बाबांनी घाबरवलेलं."

म्हणजे मीटर खरं बोलत होतं.

उद्या सकाळीच काकांची माफी मागायची. गाडी दिलीच त्यांनी, तर बाकी सगळं बदलेन. ते रबर नाही.